शेवटचा डास सापडेपर्यंत : फ्रेड सोपरची गोष्ट

२०१८ साली स्पेनच्या उत्तरेकडच्या आस्तुरियास भागातून एका ॲपवर डासाचा फोटो आला. ॲपचं नाव मॉस्किटो अलर्ट. डास दिसला की फोटो काढायचा, लोकेशन चालू ठेवून अपलोड करायचा, पुढचं कीटकतज्ज्ञ बघतात. बहुतेक फोटो नेहमीच्याच डासांचे असतात. हा मात्र एडीस जॅपोनिकस निघाला. ही जात तोपर्यंत स्पेनमध्ये कुणी पाहिलेली नव्हती, आणि युरोपात ती जिथे असल्याचं माहीत होतं ती सगळ्यात जवळची जागा हजार किलोमीटरहून लांब होती. तज्ज्ञांनी तिथे जाऊन शोध घेतला, खात्री झाली आणि नकाशावर एक नवा ठिपका पडला.

मला त्या बातमीत ॲपपेक्षा तो ठिपका जास्त आवडला. आजार पसरवणारा परका डास एखाद्या देशात शिरला, तर आधी तो ठिपका पडायला हवा. बाकीचं सगळं नंतर. आणि एकच ठिपका पुरत नाही. काल तो कुठे होता, आज कुठे आहे, हे रोज बघत राहावं लागतं. मोबाईल सोडाच, धड रस्तेही नव्हते अशा भागात कागद, पेन्सिल आणि कापडी झेंडे एवढ्या सामानावर हे काम एका माणसाने करून दाखवलं. त्याचं नाव फ्रेड सोपर. सार्वजनिक आरोग्याच्या जगात हे नाव फार मोठं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

कॅन्ससचा मुलगा ब्राझीलमध्ये

फ्रेड लो सोपर यांचा जन्म १३ डिसेंबर १८९३ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात हचिन्सन या गावी झाला. कॅन्सस विद्यापीठातून पदवी घेतली, मग शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजमधून १९१८ मध्ये डॉक्टर झाले. १९२० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागात नोकरी लागली आणि थेट ब्राझीलला रवानगी झाली. काम काय, तर अंकुशकृमी, म्हणजे पोटातल्या जंतांविरुद्धची मोहीम. गावोगाव फिरायचं, शौचाचे नमुने गोळा करायचे, औषध द्यायचं. दवाखान्यात खुर्चीवर बसून पेशंट तपासणारा डॉक्टर हा माणूस कधी झालाच नाही. मधल्या काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण झालं, काही काळ पॅराग्वेमध्ये काम झालं, आणि १९२७ मध्ये ते रॉकफेलरच्या रिओ दी जानेरो इथल्या कार्यालयाचे प्रमुख झाले. वय ३३.

दुसऱ्याच वर्षी रिओमध्ये पीतज्वर आला. ही शहरासाठी फार मोठी नाचक्की होती. ओस्वाल्दो क्रूझ या ब्राझीलच्या डॉक्टरने शतकाच्या सुरुवातीला तिथला पीतज्वर संपवला होता आणि जवळजवळ वीस वर्षं शहरात एकही साथ नव्हती. तेव्हाचा समज असा की हा ताप माणूस आणि एडीस इजिप्ती डास यांच्यातच फिरतो, तोही मोठ्या शहरांत. चार-पाच मोठी शहरं साफ केली की आजार आपोआप मरतो. मग रिओत तो आला कुठून?

सोपरना उत्तर हवं होतं, आणि त्यासाठी आधी डेटा हवा होता. खेड्यात माणूस तापाने मेला की मृत्यूच्या दाखल्यावर जे सुचेल ते लिहिलं जायचं, किंवा काहीच लिहिलं जायचं नाही. मग १९३० पासून एक अंगावर काटा आणणारी व्यवस्था सुरू झाली. तापाने दहा दिवसांच्या आत जो मेला त्याच्या यकृताचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यासाठी व्हिसेरोटोम नावाचं साधं हत्यार होतं. त्याने शरीर न फाडता काही मिनिटांत तुकडा काढता यायचा आणि डॉक्टर नसलेल्या माणसालाही हे शिकवता यायचं. गावोगाव असे माणूस नेमले, दर नमुन्यामागे पैसे ठरवले, आणि पुढे कायद्याचं पाठबळही घेतलं. लोकांना हे आवडणं शक्यच नव्हतं. घरात मयत झालेली आणि हा माणूस हत्यार घेऊन दारात. यात नमुने गोळा करणाऱ्या काही जणांचे खूनही झाले.

पण नमुने बोलायला लागले. जिथे कुणी पीतज्वराचं नावही घेत नव्हतं अशा गावांतून तो सापडला. १९३२ मध्ये एस्पिरितो सांतो राज्यातल्या एका दरीत तर असा पीतज्वर सापडला की आसपास एडीस इजिप्ती नव्हताच. म्हणजे हा आजार जंगलात, माकडं आणि रानडास यांच्यात आपला आपण चालू होता, आणि माणूस मध्ये सापडत होता. पीतज्वर जगातून पुसून टाकण्याचं रॉकफेलरचं स्वप्न तिथेच संपलं. स्वप्न मोडणारा डेटा सोपरनी स्वतः गोळा केला होता आणि तो लपवला नाही, हे मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आवडलं.

आजार पुसता येत नाही, पण शहरातला डास तरी पुसता येईल का? सोपर आता त्या कामाला लागले.

तपासणाऱ्याला तपासणारा

इथे आमच्या लोकांना, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, ओळखीचं काहीतरी दिसायला लागतं.

एडीस इजिप्ती घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. पिंप, माठ, फुलदाणी, गच्चीवरची फुटकी बरणी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येक घरात दर आठवड्याला तपासनीस गेलाच पाहिजे. त्याच्याकडे त्याच्या भागाचा नकाशा आणि वेळापत्रक. किती वाजता कुठल्या गल्लीत हे आधी ठरलेलं. तो ज्या घरात आहे तिथे बाहेर झेंडा लावलेला, म्हणजे वरिष्ठाला कधीही अचानक येऊन त्याला गाठता यावं. घरात लावलेल्या कागदावर भेटीची तारीख आणि सही. आपल्याकडेही आरोग्यसेवक घराच्या भिंतीवर खडूने किंवा गेरूने तारीख टाकून जातात, ती बघितली असेलच. जात तीच.

तपासनिसाच्या मागून दुसरा माणूस काही घरं पुन्हा तपासायचा. पहिल्याने अळ्या नाहीत असं लिहिलं आणि दुसऱ्याला सापडल्या, तर पहिल्याचा पगार कापला जायचा किंवा नोकरीच जायची. आणि या दोघांशी काही संबंध नसलेली एक तिसरी टोळी असायची. ती अळ्यांकडे बघायचीच नाही. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, कपड्यांमागे बसलेले मोठे डास पकडायची. एखाद्या मोहल्ल्याच्या नोंदी स्वच्छ आहेत पण या टोळीला तिथे एक जरी एडीस मादी सापडली, तरी अर्थ एकच. जवळपास कुठेतरी पाणी आहे आणि ते आपल्या नकाशात नाही. मग ती जागा सापडेपर्यंत शोध. छताचं पन्हाळ, झाकण सरकलेली टाकी, झाडाची ढोली.

ज्याने काम केलं त्याच्याच शब्दावर विसंबायचं नाही, वेगळ्या वाटेने मोजायचं. आम्ही याला टेस्टिंग म्हणतो आणि रिलीजच्या आदल्या दिवशी वेळ नाही म्हणून वगळतो.

सोपरबद्दल एक किस्सा सांगितला जातो. खरा-खोटा देव जाणे. एका तपासनिसाच्या वेळापत्रकात ज्या तासाला दारूगोळ्याच्या कोठाराची तपासणी होती, नेमक्या त्याच तासाला ते कोठार उडालं. सोपरनी त्याच्या बायकोला सांत्वनाचा निरोप आणि पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी तो माणूस धडधाकट कामावर हजर झाला, आणि सोपरनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. जिवंत राहिल्याबद्दल.

असा बॉस मला नको, हे स्पष्ट सांगतो. पण १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्राझीलच्या काही शहरांत अळ्या सापडणाऱ्या घरांचं प्रमाण शून्यावर आलं आणि शून्यावरच राहिलं. त्याआधी तज्ज्ञ म्हणायचे की शंभरात पाच घरांपर्यंत खाली आणलं की पुरे, पीतज्वर थांबतो. पूर्ण शून्य जमतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. सोपरना ते वाटायला लागलं, आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी या शून्याचा पिच्छा सोडला नाही.

नातालचं डबकं

आता मुख्य गोष्ट.

ब्राझीलच्या ईशान्य टोकाला नाताल नावाचं बंदर आहे. नकाशात बघा, दक्षिण अमेरिकेचं जे नाक आफ्रिकेकडे पुढे आलंय, तिथेच. २३ मार्च १९३० रोजी रॉकफेलरसाठी काम करणारे कीटकशास्त्रज्ञ रेमंड शॅनन यांना तिथल्या साचलेल्या पाण्यात अळ्या दिसल्या. त्यांनी त्या ओळखल्या, आणि त्यांना धक्का बसला असणार. त्या ॲनोफिलिस गॅम्बिईच्या होत्या. हा आफ्रिकेतला, मलेरिया पसरवण्यात सगळ्यात वाकबगार डास. ब्राझीलमध्ये मलेरिया होता, ॲनोफिलिसच्या स्थानिक जातीही होत्या. पण माणसाच्या घरात राहून माणसालाच चावण्यात गॅम्बिईचा हात धरणारा त्यांत कुणी नव्हता.

तो आला कसा? एडीसची अंडी सुक्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे एडीस गुलामांच्या जहाजांमधून शेकडो वर्षांपूर्वीच अमेरिकेत पोचला होता. ॲनोफिलिसच्या अंड्यांना असा दम नसतो. हा डास समुद्र ओलांडणार तर मोठा, उडता डासच यायला हवा, आणि तोही मरायच्या आत. जुन्या जहाजांना इतका वेळ लागायचा की अटलांटिक हीच भिंत होती. पण १९२८ पासून फ्रेंचांनी टपालासाठी नवी सोय केली होती. फ्रान्सहून डाकारपर्यंत विमान, डाकार ते नाताल वेगवान छोटी जहाजं, पुढे पुन्हा विमान. ही जहाजं चारेक दिवसांत समुद्र पार करायची. बहुतेक तज्ज्ञांचं मत असं की गॅम्बिई याच टपालाबरोबर उतरला. म्हणजे पत्रं लवकर पोचावीत म्हणून काढलेल्या रस्त्याने डासही लवकर पोचला. शॅननना अळ्या सापडल्या त्याला दोन महिने व्हायच्या आत, मे १९३० मध्ये, मर्मोझ हा फ्रेंच वैमानिक टपाल घेऊन सेनेगलहून उडाला आणि नातालला उतरला. भिंत आणखी खाली आली.

नातालमध्ये त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही मलेरियाच्या जबर साथी आल्या. मग पीतज्वराची यंत्रणा कामाला लावून १९३२ पर्यंत शहरातला गॅम्बिई संपवला गेला. साथ थांबली. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि आपापल्या कामाला लागले.

घोडचूक हीच होती. डास तोपर्यंत शहराबाहेर पडून किनाऱ्याच्या कडेने वायव्येला सरकला होता. शॅननना त्याची कल्पना होती. पण १९३० च्या ऑक्टोबरात ब्राझीलमध्ये सत्तापालट झाला होता, जेतुलिओ व्हार्गास आले होते, आणि सोपर आणि त्यांची माणसं पीतज्वरात गुंतलेली. त्यात १९३२ ला ईशान्येत भयंकर दुष्काळ पडला, पाणीच नाही तर डास कुठले, त्यामुळे साथीही दिसेनात. मोठा आवाज होत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरलं गेलं. पुढची पाच-सहा वर्षं गॅम्बिई नेमका कुठे आहे हे पद्धतशीरपणे कुणी बघत नव्हतं.

हे वाचताना मला माझंच एक पाप आठवलं. एका ठिकाणी काम करत असताना सर्व्हरची डिस्क भरण्याचा एक बग आम्ही सोडवला, आठवडाभर अलर्ट आला नाही, आणि रोजची कटकट नको म्हणून मी तो अलर्टच बंद करून टाकला. बग दुसऱ्या सर्व्हिसमध्ये तसाच होता. चार महिन्यांनी रात्री तीनला फोन आला. आमचे काही तासांचे ऑर्डर गेले, बस.

ब्राझीलला ते असं स्वस्तात सुटलं नाही. १९३८ च्या पावसाळ्यात सियारा आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या राज्यांमधल्या नद्यांच्या खोऱ्यांत, विशेषतः जाग्वारीबे नदीच्या खोऱ्यात, मलेरिया फुटला. लाखाहून जास्त माणसं आजारी पडली. मृत्यूंचा अंदाज किमान १४ हजारांचा आहे. घरातली सगळीच माणसं एकदम अंथरुणाला खिळलेली, पाणी द्यायला उठणारं कुणी नाही, उभं पीक शेतात तसंच. दुष्काळातून जेमतेम सावरलेली ही माणसं होती.

आणि तज्ज्ञांची झोप उडवणारी गोष्ट नकाशावर पुढे होती. पश्चिमेला पार्नाइबा नदीचं खोरं, दक्षिणेला साओ फ्रान्सिस्कोचं. गॅम्बिई त्या पाण्यात पोचला असता तर पुढे अख्खा खंड मोकळा होता.

४ हजार माणसं आणि हिरवा भुगा

जानेवारी १९३९ मध्ये ईशान्य मलेरिया सेवा नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. पैसा ब्राझील सरकार आणि रॉकफेलर दोघांचा, प्रमुख सोपर, जोडीला ब्रूस विल्सन. शिगेला असताना जवळपास ४ हजार माणसं कामावर होती. क्षेत्र मराठवाड्यापेक्षा थोडं लहान म्हणा, पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि वाहतुकीला बऱ्याच ठिकाणी घोडा किंवा पाय.

हत्यारं दोनच. पहिलं पॅरिस ग्रीन. तांबं आणि आर्सेनिक यांचा हिरवा विषारी भुगा. माती किंवा वाळूत मिसळून पाण्यावर फेकायचा. ॲनोफिलिसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून वरवर तरंगणारं खातात, त्यामुळे तरंगणारा हा भुगा नेमका त्यांच्या पोटात जातो. दुसरं पायरेथ्रम, शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून काढलेलं कीटकनाशक. ते घरांत फवारायचं. डीडीटी तेव्हा हातात नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण ही गोष्ट डीडीटीची म्हणून सांगतात. ती डीडीटीची नाही.

खरं हत्यार म्हणाल तर शोध. गॅम्बिईला उन्हातली उथळ, छोटी डबकी आवडतात. नदी आटताना वाळूत राहिलेले पाण्याचे गोळे, पिण्याच्या पाण्यासाठी खणलेले झरे, गुरांच्या खुरांचे खड्डेसुद्धा. अशी डबकी लाखांनी असतात, पण ती घरांच्या जवळ असतात आणि डोळ्यांना दिसतात. हा डास माणसाला सोडून लांब जात नाही, हीच त्याची ताकद होती आणि सोपरनी ती त्याची कमजोरी केली. प्रत्येक माणसाला जमिनीचा एक तुकडा वाटून दिलेला, त्यातलं प्रत्येक पाणी नकाशावर, दर आठवड्याला भेट, मागून तपासणी, आणि त्याच्या मागून डास पकडणारी वेगळी टोळी. एडीसच्या वेळचंच सगळं, फक्त आता उघड्या रानात.

बाधित भागाच्या सीमेवर चौक्या. बाहेर पडणारी प्रत्येक मोटार, आगगाडी, होडी तपासून, आत फवारा मारूनच पुढे सोडायची. सीमेबाहेर कित्येक किलोमीटरचा पट्टा असा की जिथे गॅम्बिई नाही, पण रोज शोधायचा. अशा ‘नाही’च्या नोंदी ठेवणं किती कंटाळवाणं असेल याची कल्पना करा. दिवसभर उन्हात फिरून कागदावर शून्य लिहायचं. परत उद्या शून्य. १९३२ नंतर नातालच्या बाहेर हेच शून्य लिहायला कुणी नव्हतं.

१९४० मध्ये एकेक भाग साफ वाटायला लागला तेव्हा सोपरच्या माणसांनी धाडसी वाटावी अशी गोष्ट केली. औषध टाकणं बंद केलं आणि फक्त बघत राहिले. औषध चालू असताना डास सापडला नाही, तर तो आहे पण दबलाय की खरोखरच नाही, हे कळायचं कसं? म्हणून हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. एखाद्या ठिकाणी तो पुन्हा दिसला की तिथे धावायचं. नोव्हेंबर १९४० मध्ये स्थानिक गॅम्बिई शेवटचा सापडला. त्यानंतर आफ्रिकेतून नातालला येणाऱ्या विमानांमध्ये तो पुन्हा पुन्हा मिळाला, कारण युद्धामुळे ती वाहतूक फार वाढली होती, पण ब्राझीलच्या जमिनीवर त्याला पाय रोवता आला नाही. चौकीवरचा माणूस जागा होता.

मध्ये एक गंमत सांगायची राहिली. त्या काळात गॅम्बिई म्हणून ओळखली जाणारी जात प्रत्यक्षात दिसायला सारख्या अनेक जातींचा गट आहे, हे नंतर कळलं. २००८ मध्ये संशोधकांनी ब्राझीलमधल्या त्या जुन्या, जपून ठेवलेल्या डासांचा डीएनए तपासला, तर ती जात ॲनोफिलिस अरेबिएन्सिस निघाली. म्हणजे सोपर आयुष्यभर ज्याला गॅम्बिई म्हणत होते तो त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. टाचणीला टोचलेले ते डास कुणीतरी सत्तर वर्षं फेकून दिले नाहीत म्हणून हे कळू शकलं.

नाईल, नेपल्स आणि पुढे

१९४२ मध्ये हाच डास सुदानकडून नाईलच्या काठाने वर इजिप्तमध्ये शिरला. युद्धाची धामधूम, बोटी आणि गाड्यांची ये-जा. दोन वर्षांत लाखाच्या वर मृत्यू झाल्याचे अंदाज आहेत. सोपरनी १९४३ मध्येच ब्राझीलची पद्धत वापरा म्हणून सांगितलं होतं, पण लगेच कुणी ऐकलं नाही. १९४४ मध्ये काम सुरू झालं आणि १९४५ च्या फेब्रुवारीनंतर इजिप्तमध्ये गॅम्बिई सापडला नाही. त्याच सुमारास इटलीतल्या नेपल्स शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसची साथ आली आणि दहा लाखांहून जास्त माणसांच्या कपड्यांत डीडीटीची पूड फुंकून ती थांबवली गेली. त्या मोहिमेतही सोपर होते. १९४६ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

पण शून्याचं वेड सगळीकडे चालत नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर १९४६ ते १९५० या काळात स्थानिक ॲनोफिलिस पूर्ण नष्ट करायचा प्रयत्न झाला, यामागे सोपरची कल्पना होती. मलेरिया संपला, डास मात्र उरला. परक्या जागी नुकताच आलेला डास आणि हजारो वर्षं तिथल्याच दलदलीत, डोंगरात मुरलेला डास यांत फरक असतो. माझ्या मते सोपरनी हा फरक पुरेसा मानला नाही. शिवाय त्यांची पद्धत चालली ती व्हार्गासच्या हुकूमशाहीत. कुणाच्याही घरात शिरण्याचा अधिकार, विरोध केला तर शिक्षा, कामगारांवर कारखान्यासारखी शिस्त. डासांच्या बाबतीत मला सोपर पटतात, माणसांच्या बाबतीत दरवेळी पटत नाहीत.

१९४७ ते १९५९ ते पॅन अमेरिकन आरोग्य संस्थेचे प्रमुख होते. अख्ख्या अमेरिका खंडातून एडीस इजिप्ती घालवायचा ठराव १९४७ मध्ये झाला. ब्राझीलला १९५८ मध्ये एडीसमुक्त जाहीर केलं गेलं, १९६२ पर्यंत खंडावरचे १८ देश त्या यादीत आले. सोपर त्यानंतर ढाक्याला गेले, तिथल्या नव्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून. ओआरएसचं महत्त्वाचं काम पुढे जिथे झालं ती हीच संस्था.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत यादी उलटी फिरायला लागली. अमेरिकेने स्वतः आपला एडीस काढायला १९६४ पर्यंत वेळ लावला आणि १९६९ मध्ये काम सोडूनही दिलं. शेजारच्या घरात डास आहेच, मग आपण किती दिवस झाडणार? ब्राझीलमध्ये १९६७ ला एडीस परत सापडला, तो पुन्हा काढला, तो पुन्हा आला. साफ झालेल्या देशांनी तपासनीस कमी केले होते, कारण आता तिथे काही सापडतच नव्हतं. नातालची चूक आता खंडभर झाली. १९८६ मध्ये रिओत डेंग्यूची मोठी साथ आली, २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिका आला. ते बघायला सोपर नव्हते. ९ फेब्रुवारी १९७७ रोजी कॅन्ससमध्येच, विचिटा इथे ते वारले.

अचलपूरचा डास

आता आपल्याकडे येऊ, कारण या गोष्टीत आपलाही एक डास आहे. ॲनोफिलिस स्टेफेन्सी. १९०१ मध्ये लिस्टन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते एलिचपूरच्या डासांवरून. एलिचपूर म्हणजे आपलं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. हा शहरी मलेरियाचा डास. मुंबईत विहिरी, हौद आणि गच्चीवरच्या टाक्यांमध्ये वाढतो, आणि टाकीला घट्ट झाकण लावा म्हणून महापालिका सोसायट्यांच्या मागे लागते ती याच्यासाठीच.

आफ्रिकेत मलेरिया प्रामुख्याने खेड्यांत होता, कारण तिथले डास शहरातल्या टाक्यांमध्ये रमत नव्हते. २०१२ मध्ये जिबूती या बंदराच्या देशात स्टेफेन्सी सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे नोंदलेले रुग्ण होते २७. २०२० मध्ये ७३ हजारांहून जास्त. मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. सोपरच्या वेळी डास आफ्रिकेतून निघून दुसऱ्यांच्या घरी गेला होता, आता आपल्याकडचा निघून आफ्रिकेत गेलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यासाठी खास मोहीम सुरू केली. तो कुठल्या देशात कधी सापडला याचा नकाशाही त्यांनी ऑनलाइन ठेवलाय, अगदी फोनवरही उघडतो. फोटोवरून डास ओळखणारी मॉडेल्स आली आहेत, पंखांचा आवाज मायक्रोफोनवर टिपून जात सांगण्याचे प्रयोग चालू आहेत, नासाच्या ग्लोब ऑब्झर्व्हर ॲपमध्ये अळ्या असलेल्या पाण्याची नोंद टाकता येते.

सोपर रोजची डायरी ठेवायचे. कुठे गेलो, कोण भेटलं, कुठल्या गावात काय सापडलं आणि काय सापडलं नाही. त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये आहेत आणि त्यातली बरीचशी स्कॅन करून फुकट वाचायला ठेवली आहेत. मी सध्या तीच वाचतोय.